क्रम बदलला, तर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळी घरात पोहे करायचे ठरले की दोन माणसे दोन कामांना लागू शकतात. एकाने पोहे भिजवावेत, दुसऱ्याने कांदा चिरावा. आधी पोहे की आधी कांदा, याने काही बिघडत नाही. दोन्ही कामे एकाच वेळी झाली तरी चालते. पण कढईत तेल तापले की गोष्ट बदलते. मोहरी तडतडण्याआधी हळद पडली तर हळद जळते आणि मोहरी कच्ची राहते. सामान तेच, माणसे तीच, फक्त क्रम बदलला आणि पदार्थ बिघडला.

कुठला क्रम बदललेला चालतो आणि कुठला चालत नाही, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडला आहे. नमाजापूर्वी हात, तोंड, पाय धुण्याचा जो विधी आहे, त्याला वुजू म्हणतात. त्यातला क्रम अनिवार्य, की तो पाळणे केवळ उत्तम, यावर जुन्या धर्मशास्त्र्यांत मतभेद आहेत. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई. ते क्रम अनिवार्य मानतात. देशावरचे आम्ही हनफी. आमच्याकडे क्रम ही सुन्नत. पाय आधी धुतले तर वुजू झाला की नाही, यावर त्या विद्वानांनी पानेच्या पाने खर्च केली. लहानपणी मला याचे हसू यायचे. आता येत नाही, कारण आजच्या संगणकशास्त्रातले मोठे विद्वान जवळजवळ याच प्रश्नावर आयुष्य घालवताना दिसतात.

पूर्वीचा साधा संगणक एका वेळी एकच हुकूम पाळायचा. पहिला संपला की दुसरा. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही चार किंवा आठ गाभे असतात आणि ते एकाच वेळी वेगवेगळी कामे उरकत असतात. बँकेच्या संगणकावर एकाच क्षणी हजारो खात्यांत पैसे येत-जात असतात. त्यात कुठले काम आधी पूर्ण होईल, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही. ते त्या क्षणीच्या गर्दीवर ठरते. मग प्रश्न असा की, क्रम कसाही लागला तरी शेवटचे उत्तर एकच येईल ना? ही निश्चितता आहे की नाही, ते तपासायचे कसे? हजार वेळा चालवून पाहिले आणि हजार वेळा उत्तर बरोबर आले, एवढ्याने भागते का?

भागत नाही. का भागत नाही, ते टेक्सासमधल्या टायलर गावी १९८६ साली काय घडले त्यावरून कळते.

तिथल्या कर्करोग केंद्रात थेरॅक-२५ नावाचे किरणोपचाराचे यंत्र होते. अॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा या सरकारी कंपनीने ते बनवले होते. हे यंत्र दोन प्रकारे उपचार करी. एकात इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत थेट रुग्णाकडे जाई. दुसऱ्यात अतिशय तीव्र झोत धातूच्या एका तुकड्यावर आदळवून त्यातून क्ष-किरण काढले जात. तीव्र झोताच्या वाटेत तो धातू असलाच पाहिजे, नाहीतर रुग्ण भाजून निघणार. आधीच्या यंत्रांत असे होऊ नये म्हणून विजेची आणि यांत्रिक अशी अडसरे होती. थेरॅक-२५ मध्ये त्यातली बरीचशी काढून टाकली. ते काम सॉफ्टवेअर करील, असे ठरले.

२१ मार्च रोजी एक रुग्ण पाठीवरच्या उपचारासाठी आला. यंत्र चालवणारी बाई अनुभवी होती, तिची बोटे भराभर चालत. तिने इलेक्ट्रॉनाऐवजी चुकून क्ष-किरणाचे अक्षर दाबले. चूक लगेच लक्षात आली, तिने वर जाऊन ते अक्षर बदलले आणि पुन्हा खाली आली. पडद्यावर सगळे ठीक दिसत होते. तिने झोत सुरू केला. यंत्र थांबले आणि पडद्यावर शब्द आले, ‘मालफंक्शन ५४’. असे बारीकसारीक संदेश रोजच येत, म्हणून तिने पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. रुग्णाला द्यायचे होते १८० रॅड. पुढे केलेल्या अंदाजाप्रमाणे त्याला मिळाले १६ हजार ५०० ते २५ हजार रॅड. पाच महिन्यांनी तो वारला.

कंपनीचे तंत्रज्ञ आले, त्यांनी यंत्र तपासले. पुन्हापुन्हा चालवूनही ‘मालफंक्शन ५४’ काही येईना. यंत्र पुन्हा कामाला लागले आणि ११ एप्रिलला, त्याच बाईच्या हातून, दुसरा रुग्ण तसाच भाजला. तोही तीन आठवड्यांत गेला.

मग त्या केंद्रातले भौतिकतज्ज्ञ आणि ती बाई यंत्रापाशी बसले. त्या दिवशी नेमके काय टाइप केले होते, ते तिने आठवून आठवून पुन्हा केले. बऱ्याच प्रयत्नांनंतर त्यांना गोम सापडली: दुरुस्ती वेगाने केली तरच घोटाळा होतो. यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या वेळात सॉफ्टवेअरचा एक भाग चुंबकांकडे पाहत असे आणि पडद्यावर झालेला बदल त्याच्या कानावर जातच नसे. दुसऱ्या भागाला मात्र तो कळलेला असे. म्हणून अर्धे यंत्र क्ष-किरणाच्या तयारीत आणि अर्धे इलेक्ट्रॉनाच्या. कंपनीच्या तंत्रज्ञाला हे कळवले, तेव्हा त्यालाही आधी काही दिसेना. तो हळू टाइप करत होता. भराभर करा म्हटल्यावर दिसले.

ही सगळी हकीकत नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या अभ्यासकांनी १९९३ साली तपशीलवार छापली. मला त्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते, की यंत्राची तपासणी झालेलीच नव्हती असे नव्हे. ज्या क्रमाने ते बिघडत होते, त्या क्रमाने ते कुणी चालवून पाहिले नव्हते.

आता अशा क्रमांची संख्या किती असते पाहा. एकमेकांशी संबंध नसलेली दहा कामे घेतली, तर ती ३६ लाख २८ हजार ८०० क्रमांनी होऊ शकतात. वीस घेतली तर येणारी संख्या १९ आकडी होते. इतके क्रम कुणी तपासून पाहणार नाही, कुठलाही संगणक नाही. तेव्हा तपासायचे ते थोडेच, पण नेमके. हे नेमके कसे निवडायचे, याचे शास्त्र गणितज्ञांनी ज्या भाषेत मांडले, ती भाषा आपल्या अंगणातल्या रांगोळीची आहे: ठिपके आणि रेषा.

ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा, अशा आकृतीला गणितात ग्राफ म्हणतात. ठिपके म्हणजे माणसे आणि रेषा म्हणजे ओळखी. किंवा ठिपके म्हणजे अणू आणि रेषा म्हणजे त्यांचे बंध. या आकृतीवर नियम चालवायचे: अमुक प्रकारचा तुकडा दिसला की तो पुसून त्याजागी तमुक तुकडा काढायचा. याला ग्राफ रीरायटिंग म्हणतात, म्हणजे आकृती नियमाने पुन्हा लिहीत जाणे. रासायनिक अभिक्रिया अशाच लिहिता येतात. संगणकाच्या काही भाषा आतून अशाच चालतात. २०२० साली स्टीफन वुल्फ्रम यांनी तर साऱ्या विश्वाचाच गाडा अशा नियमांवर चालत असेल, अशी कल्पना मांडली. भौतिकशास्त्रज्ञांनी ती स्वीकारलेली नाही आणि तिच्या वादात आपल्याला आज पडायचे नाही. या विषयाला पक्का गणिती पाया दिला तो बर्लिनच्या तंत्रविद्यापीठातले हार्टमुट एरिग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, १९७३ साली.

एक अगदी सोपा नियम घेऊ. ठिपके पांढरे आहेत, एकच लाल आहे. लाल ठिपक्याला जोडलेला पांढरा ठिपका दिसला की तो लाल करायचा. ही गावातली बातमी झाली. ज्याला कळली तो शेजाऱ्याला सांगतो. कुणी कुणाला आधी सांगितले तरी शेवटी, रेषांनी जोडलेल्या साऱ्यांना ती कळतेच. क्रम कुठलाही, उत्तर एक. पण हां, ‘बातमी कुणाकडून कळली’ हेही टिपून ठेवायचे ठरवले, तर मात्र दर वेळी उत्तर वेगळे येईल. निश्चितता आहे की नाही, हे आपण उत्तरात काय काय धरतो त्यावरही अवलंबून असते.

आता दुसरा नियम. शाळेची सहल निघाली आहे. ज्या दोन मित्रांना अजून जोडीदार नाही, त्यांचे हात एकमेकांच्या हातात देऊन बाईंनी जोडी लावायची. अमीन, बाळू आणि किसन अशी तीन मुले आहेत. अमीनची बाळूशी मैत्री आहे, बाळूची किसनशी. अमीन-बाळू जोडी लावली तर किसन एकटा उरतो. बाळू-किसन लावली तर अमीन एकटा उरतो. दोन्ही वेळा एक जोडी आणि एक एकटा. लांबून मोजणाऱ्या मुख्याध्यापकांना दोन्ही उत्तरे सारखीच दिसतात. तपासणी उत्तीर्ण.

आता किसनच्या शेजारी दत्तू आणून उभा करा. किसन आणि दत्तू मित्र आहेत. अमीन-बाळूची जोडी आधी लागली, तर किसन-दत्तूचीही लागते. दोन जोड्या, सगळे खूश. पण बाळू-किसनची आधी लागली, तर अमीन आणि दत्तू दोघेही एकटे उरतात. उत्तर बदलले. तीन मुलांवर जी तपासणी उत्तीर्ण झाली होती, तिने आपल्याला फसवले. ती उत्तीर्ण झाली कारण आपण आकृतीचा आकार पाहिला, माणसे पाहिली नाहीत. एकटा कोण उरला, याने तेव्हा फरक पडत नव्हता. चौथा मुलगा आल्यावर पडला.

समजा, वर्गात दोन बाई आहेत आणि दोघी एकाच वेळी जोड्या लावत आहेत. एकीने अमीन-बाळू आणि दुसरीने किसन-दत्तू घेतले, तर काहीच अडचण नाही. पण एकीने बाळूचा उजवा हात धरला आणि दुसरीने डावा, तर बाळूची ओढाताण. नियमांच्या दोन वापरांत सामाईक असे काही नसेल, किंवा सामाईक असलेल्याला दोघेही नुसते पाहत असतील, बदलत नसतील, तर ते एकाच वेळी खुशाल चालू द्यावेत. सामाईक वस्तूला एकजण बदलत असेल तर मात्र सांभाळा. थेरॅकमध्ये बाळूच्या जागी संगणकाच्या स्मृतीतली एक छोटी नोंद होती. एक भाग ती वाचत होता, दुसरा बदलत होता आणि मध्ये कुणी उभे नव्हते.

गझल लिहिणाऱ्याला हे पटकन कळेल. सात शेरांच्या गझलेत मतला पहिला, कारण काफिया आणि रदीफ तोच बांधून देतो, मक्ता शेवटचा. मधले पाच शेर मात्र स्वतंत्र. त्यांचे १२० क्रम होतात आणि मुशायऱ्यात समोरची दाद पाहून शायर ते जागच्या जागी बदलतोही. १२० क्रम वाचून पाहायची गरज नसते, कारण एक शेर दुसऱ्याचे काही घेत नाही. नज्मेचे तसे नाही. तिथे एक कडवे हलवले की पुढचे लंगडते. तपासणी करणाराही असेच करतो: जी कामे शेरांसारखी सुटी आहेत, त्यांचे सगळे क्रम एकच मानतो आणि लक्ष नज्मेवर ठेवतो.

मग पाहायचे काय? फाटे. एकाच आकृतीवर दोन नियम लागू होतात आणि एकमेकांच्या वाटेत येतात, अशा जागा. आकृत्या अगणित असतील, पण नियमांच्या डाव्या बाजू एकमेकींवर किती तऱ्हांनी चढू शकतात, हे मोजके असते. डोनाल्ड नूथ आणि पीटर बेंडिक्स यांनी १९७० साली बीजगणितातल्या सूत्रांसाठी ही युक्ती मांडली, पुढे ती ग्राफसाठी आली. फाटा फुटल्यावर दोन्ही वाटा पुढे कुठेतरी मिळतात का, एवढे पाहायचे. इंग्रजीत याला जे नाव आहे त्याचा साधा अर्थ संगम. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तसे.

मॅक्स न्यूमन हे केंब्रिजचे गणितज्ञ, ॲलन ट्युरिंगचे शिक्षक. त्यांनी १९४२ साली दाखवले, की प्रत्येक छोट्या फाट्याचा संगम होत असेल आणि कुठलीही वाट अनंतकाळ चालत राहणारी नसेल, तर कितीही लांबच्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोचतात. केवढा दिलासा! लाखो क्रम सोडा, थोडे फाटे पाहा, काम झाले.

पण ठिपके-रेषांच्या बाबतीत हा दिलासा अर्धाच आहे. न्यूमनचे म्हणणे इथेही खोटे पडत नाही. अडचण मोजक्या फाट्यांच्या तपासणीत आहे. डेटलेफ प्लुम्प यांनी १९९३ साली दाखवले, की नियम थांबणारे असले तरी, कुठल्याही नियमावलीसाठी ‘संगम आहे की नाही’ हे खात्रीने सांगणारी एकच एक पद्धत असू शकत नाही. त्यामागचे कारण आपल्या तीन मुलांच्या गोष्टीतलेच. छोट्या आकृतीत दोन उत्तरे सारखी दिसतात, पण आत कोण कुठे आहे ते वेगळे असते आणि ती आकृती मोठ्या आकृतीचा भाग झाली की तो फरक उघडा पडतो. म्हणून फाटा तपासताना, मूळचे ठिपके दोन्ही वाटांनी जाऊन त्याच जागी आले का, हेही पाहावे लागते. तेवढे जमले तर संगमाची खात्री देता येते. नाही जमले, तर संगम नाहीच असे मात्र म्हणता येत नाही.

दोन आकृत्या सारख्या आहेत का, हे ओळखणेही सोपे नाही. रांगोळी फिरवून काढली तरी रांगोळी तीच. पण हजारो ठिपक्यांत ते ओळखायचे कसे? लास्लो बाबाई यांनी २०१५ साली या प्रश्नावर मोठी मजल मारली, तरी सर्व आकृत्यांना पुरेल अशी खरोखर झटपट रीत अजून हाती आलेली नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचे ‘ग्रूव्ह’ नावाचे साधन नियमांच्या सगळ्या वाटा चालून पाहते आणि सारख्या आकृत्या एकात मिळवत जाते. बर्लिनचे ‘एजीजी’ फाटे शोधून पुढे ठेवते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००८ च्या सुमारास ‘चेस’ नावाचे साधन केले. ते प्रोग्रॅमच्या कामांचा क्रम नशिबावर न सोडता आपल्या हाती घेते आणि एकेक क्रम मुद्दाम लावून बघते. टायलरच्या त्या बाईला आणि भौतिकतज्ज्ञाला जे हाताने करावे लागले, ते हे यंत्राने.

फाटा सापडला आणि संगम नाही, तर काय करायचे? एक उपाय म्हणजे कुणाला आधी मान द्यायचा ते ठरवून टाकणे. पाणिनीने अष्टाध्यायीत नेमके हेच केले आहे. एका शब्दावर दोन नियम एकदम लागू होऊ लागले तर कोणता चालवायचा, याचाही त्याने नियम दिला. त्या नियमाचा रूढ अर्थ ‘नंतर सांगितलेला नियम बलवान’ असा. २०२२ साली ऋषी राजपोपट या तरुण संशोधकाने केंब्रिजच्या प्रबंधात त्याचा वेगळा अर्थ लावला: शब्दाच्या उजव्या भागाला लागू होणारा नियम बलवान. साऱ्या पंडितांना तो पटलेला नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीचा तो वैयाकरण फाटा वाऱ्यावर सोडून पुढे गेला नाही, हे तर खरे. दुसरा उपाय कुलुपाचा: एक बाई बाळूशी बोलत असेपर्यंत दुसरीने त्याला हात लावायचा नाही. त्यातही दोघी एकमेकींची वाट पाहत उभ्या राहिल्या, तर सहल निघतच नाही. तो वेगळा विषय.

थेरॅकची गोष्ट टायलरला संपली नाही. तो दोष सापडल्यानंतर, जानेवारी १९८७ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथे आणखी एक रुग्ण भाजला. या वेळी फाटा दुसराच होता. तपासणी करायची आहे, हे सांगणारा एक आकडा दर फेरीला एकाने वाढत असे आणि २५६ व्या फेरीला, जागा संपल्यामुळे, शून्यावर येत असे. शून्य म्हणजे ‘तपासायचे काही नाही’. नेमक्या त्या क्षणी कळ दाबली गेली, तर झोत तसाच सुटे. फेब्रुवारीत अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या आरोग्य खात्यांनी हे यंत्र रोजच्या उपचारांसाठी वापरू नका, असे सांगितले. दुरुस्तीत सॉफ्टवेअरबरोबर विजेचे अडसरही पुन्हा बसवण्यात आले.

आणि तोच टायलरचा दोष आधीच्या यंत्रातही, थेरॅक-२० मध्येही, होता असे मागाहून उघड झाले. शिकागोच्या एका केंद्रात ते यंत्र विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी वापरत. विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की ती वाटेल त्या क्रमाने कळा दाबी आणि यंत्राचे फ्यूज उडत; आठवड्यात तीनदासुद्धा. त्या यंत्रात अडसरे शाबूत होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. फ्यूज बदलायचे आणि शिकवणे पुढे चालू. मुलांचा हात बसला की ते महिनोन्महिने उडत नसत, ते पुढची तुकडी येईपर्यंत.